पुणेरी उपास, जयपुरी चंद्र

जयपुरात राहणाऱ्या मराठी बाईला वर्षातून एकदा, न मागता, पतिव्रतेचं प्रमाणपत्र मिळतं. दिवस असतो आश्विन वद्य चतुर्थीचा. आपल्याकडे ती साधी संकष्टी. दर महिन्याला येते, चंद्रोदयाला सुटते आणि तिचा नवऱ्याशी संबंध असलाच तर एवढाच, की मोदकांतले निम्मे तो खातो. पण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. आपला आश्विनातला वद्य पक्ष तिथे कार्तिकात धरतात आणि आपली ही गरीब संकष्टी तिथे करवा चौथ होऊन बसते. अख्खी कॉलनी लाल-मरून साड्यांत, कोपरापर्यंत मेंदी, सगळ्याजणी उपाशी आणि संध्याकाळपासून गच्चीवर. त्याच गच्चीवर आपणही उपाशी, आपलेही डोळे पूर्वेकडे. खुलासा करायला तोंड उघडावं तोवर शेजारच्या भाभीजींनी मिठी मारलेली असते. "हमें तो पता ही नहीं था, आपके यहाँ भी इतना मानते हैं!"

नवी आलेली बाई पहिल्या वर्षी खुलासा करते. हा उपास गणपतीचा, नवऱ्याचा नव्हे, आणि आम्ही तो दर महिन्याला करतो. भाभीजी सगळं शांतपणे ऐकून घेतात. मग त्यांचे डोळे भरून येतात. "हर महीने? भाईसाब के लिए?" यानंतर खुलासा करणं सोडून द्यावं हे उत्तम.

अर्थात प्रमाणपत्र मिळण्याआधी ते रद्द होण्याची एक वेळ येते, आणि ती दुपारची असते. करवा चौथ निर्जळ. पाण्याचा थेंब नाही. आपल्या उपासाचा जाहीरनामा मात्र साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड चकत्या आणि दोनदा चहा असा असतो. शेजारीण मेंदीचा रंग दाखवायला बरोबर दुपारी एक वाजता येते आणि आपण ओट्यापाशी उभ्या राहून तुपात जिरं टाकत असतो. ती कढईकडे बघते, आपल्याकडे बघते, देवाच्या तसबिरीकडे बघते. आता हिला काय सांगणार? हे सगळं आम्ही फक्त उपासालाच खातो, हे मराठीत कसं सात्त्विक वाटतं. हिंदीत तेच वाक्य पोलिसांना दिलेल्या जबाबासारखं ऐकू येतं.

बायकांचं कसंतरी निभतं. खरी पंचाईत नवऱ्यांची. मराठी घरात संकष्टी पुरुषही करतात, माझा नवराही करतो. लग्नाच्या आधीपासून करतो, म्हणजे मला त्याचं श्रेय घेता येत नाही. पण आश्विनातल्या त्या दिवशी त्याने ऑफिसात कचोरी नाकारली, ती बातमी संध्याकाळपर्यंत कॉलनीत पोचली आणि भाभीजीमंडळींनी आपापल्या नवऱ्यांना ती जेवणाच्या ताटावर वाढली. भाईसाब पत्नीसाठी उपाशी राहतात, आणि एक तुम्ही! तेव्हापासून गल्लीतले पुरुष माझ्या नवऱ्याला रविवारच्या क्रिकेटला बोलावताना जरा जपूनच असतात.

एक फायदा मात्र निर्विवाद आहे. त्या रात्री चंद्र जयपुरात पुण्याच्या चांगला अर्धा तास आधी उगवतो. आपण मोदक संपवून हात धुवून फोन करतो, तेव्हा पुण्याची जाऊबाई अजून खिडकीत उभी असते. परमुलखात राहण्याचे जे थोडे निखळ आनंद आहेत त्यांतला हा एक.

सांगायचं एवढंच, की पुण्यात मराठी असणं आपोआप होतं, त्यासाठी काही करावं लागत नाही. जयपुरात ते रोज करावं लागतं आणि वर त्याचा खुलासा द्यावा लागतो. दोन वेळचा डबा देणाऱ्या बाईपासून घरमालकापर्यंत सगळ्यांना. आणि या सगळ्या खुलाशांची जननी भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते: कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ते काढलं, तेव्हा ते महाराष्ट्रातल्या भिंतींसाठी होतं. जयपुरात तेच एक परदेशी दस्तऐवज होतं. ते दर डिसेंबरात कुणाच्यातरी बॅगेतून गुंडाळी होऊन येतं आणि त्यातला अर्धा महिना बाहेरच्या जगाला मान्य नसतो.

वानगीदाखल श्रावण. जयपूरचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. आपला राखीपौर्णिमेला जेमतेम निम्मा झालेला असतो. मराठी कुटुंबांत यावरून दोन पंथ पडलेत. धार्मिक कुटुंबं दोन्ही श्रावण पाळतात, म्हणजे दीड महिना. व्यवहारी कुटुंबं फक्त दोघांना मान्य असलेला मधला शुक्ल पक्ष पाळतात, म्हणजे पंधरा दिवस, आणि बाकीच्या वेळी ज्या बाजूने सोयीचं त्या बाजूचं पंचांग दाखवतात. वटपौर्णिमेचंही तसंच. इथल्या बायका वडाची पूजा पंधरा दिवस आधी अमावास्येला करून मोकळ्या झालेल्या असतात. आपण पौर्णिमेला पोचतो तेव्हा वड आधीच सुताने बांधलेला. त्यावरूनच आपलं सूत गुंडाळायचं. सात जन्म मागून घेतलेल्या नवऱ्यांच्या या रांगेत आपला नंबर कितवा लागतो कोण जाणे.

या पंधरा दिवसांच्या फटीत सर्वांत वाईट अडकते ती गटारी. आपल्या आषाढातली अमावास्या ही इथली ऐन श्रावणातली हरियाली अमावास्या. त्या दिवशी खाली घरमालकांकडे खीर आणि मालपुवे होतात, बायका बागेत झोपाळ्यावर बसतात, आणि वरच्या मजल्यावरच्या मराठी कुटुंबाच्या मनात जे असतं ते मनातच ठेवावं लागतं. कारण घर भाड्याने घेतानाच तो करार झालेला असतो. जयपुरात घर बघायला गेलं की अंकलजी पाण्याची टाकी, कूलरची खिडकी आणि गाडी लावायची जागा दाखवतात, मग चहा देतात आणि मग सहज विचारल्यासारखं विचारतात, "नॉनवेज वगैरह तो नहीं…?" या प्रश्नाला, एरवी कुठल्याही बाबतीत एकमत नसलेलं मराठी जोडपं, एका सुरात "नहीं नहीं" म्हणतं.

आमच्या ओळखीतल्या मूळच्या मालवणच्या एका घरानेही असंच म्हटलं होतं. पुढे पावसाळ्यात त्यांच्याकडे आजी आली आणि आजीच्या बरोबर एका डब्यात, तीन पिशव्यांत बांधून, सुके बोंबील आले. आजीने ते दुपारी, सगळी झोपलेली असताना, निखाऱ्यावर नाही पण गॅसवर शेकले. पाच मिनिटांत अंकलजी जिन्यात. गॅस गळतोय! खिडक्या उघडा, दिवे लावू नका! सिलिंडरवाल्याला फोन गेला. तो आला, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबला, एक दीर्घ श्वास घेतला. माणूस पूर्वेकडचा होता. त्याने रेग्युलेटर उगाच दोनदा फिरवला, अंकलजींना "अब ठीक है" म्हणाला आणि जाताना आजीकडे बघून असा काही हसला, की त्या हास्याला दोन बोंबील बांधून द्यावे लागले.

घर मिळवताना जोश्यांचं मात्र बरं असतं. जोशी, व्यास, पुरोहित, भंडारी ही आडनावं राजस्थानात भरपूर. जोशी म्हटल्यावर अंकलजींचा चेहरा उजळतो. "जोशी! कहाँ के? नागौर? बीकानेर?" जोशी प्रामाणिकपणे रत्नागिरी सांगतात. "अच्छा, रतनगढ़!" म्हणत अंकलजी चुरू जिल्ह्यातल्या आपल्या आत्याच्या सासरचा पत्ता सांगू लागतात. शहाणा जोशी इथे खुलासा करत नाही. भाडं हजाराने कमी होतं. उलट कुलकर्णी, कुरुलकर, कानिटकर यांना तीन-तीनदा स्पेलिंग सांगून शेवटी वीज बिलावर "कुलकरणीलाल" व्हावं लागतं. आम्ही मानसरोवर कॉलनीत राहतो, हा आणखी एक खुलासा, पण तो उलट्या दिशेचा. नवऱ्याची बदली मानसरोवरला झाली हे ऐकून पुण्याच्या एका मावशींनी लोकरीचे मोजे पाठवले आणि कैलासाचं दर्शन घरातून होतं का, असं विचारलं. मोजे डिसेंबरात उपयोगी पडले. जयपूरचा पारा तेव्हा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात पंचेचाळिसाच्या आसपास फिरतो. पुण्याहून आलेला माणूस यातल्या कोणत्याही टोकाला "आमच्याकडे एवढं नसतं" हे एकच वाक्य म्हणतो.

सणांत संक्रांत ही जयपूरची खरी दिवाळी. चौदा जानेवारीला सकाळपासून सगळं शहर गच्चीवर असतं. गाणी, फेणी, तिळाचे लाडू, आणि आकाशात इतके पतंग की पक्ष्यांना रजा घ्यावी लागते. दर मिनिटाला कुठूनतरी "वो काटाऽऽ!" अशी आरोळी. अशा वेळी आपल्या घरातली नवी सून काळी चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने घालून, गच्चीवर येते. एका क्षणात शेजारच्या चार गच्च्या गप्प होतात. ऐन सणाला काळं! घरमालकीणबाई हळूच बाजूला घेऊन विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना? आपण सांगतो की थंडीत काळा रंग ऊब धरून ठेवतो म्हणून आमच्याकडे संक्रांतीला काळं नेसतात. शास्त्र बरोबर असतं. फक्त जयपूरच्या थंडीत त्या शास्त्रावर एक स्वेटर, एक शाल आणि कानटोपी चढवावी लागते आणि चंद्रकळेचा चंद्र काही कुणाला दिसत नाही.

हळदीकुंकू त्या दिवशी होणं शक्यच नसतं, कारण बोलावलेल्या सगळ्याजणी चक्री धरून उभ्या असतात. ते रथसप्तमीपर्यंत कधीतरी उरकायचं. पण इथे आपल्याला एक बरोबरीचा भिडू भेटतो. राजस्थानी बायका संक्रांतीला चौदा वस्तू वाटतात, एकाच जातीच्या चौदा. चौदा कंगवे, चौदा रुमाल, चौदा स्टीलच्या वाट्या. आपण वाण लुटतो. त्यामुळे जानेवारी संपताना आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात मराठी प्लास्टिकचे डबे असतात आणि आमच्या घरात राजस्थानी वाट्या. कुणीही काहीही विकत न घेता दोन्ही स्वयंपाकघरं भरतात. हा खुलासा तेवढा कधी करावा लागला नाही. लुटणं आणि वाटणं या गोष्टी बायकांना पंचांगाशिवाय कळतात.

गुढीची गोष्ट वेगळी. चैत्रात नववर्ष इथेही असतं, पण बाल्कनीतून काठी, काठीला साडी आणि साडीवर पालथा तांब्या हे दृश्य जयपूरला अजून पचलेलं नाही. एका घरी कामवाल्या बाईने साडी वाळली म्हणून उतरवून, नीट घडी करून, इस्त्रीवाल्याकडे दिली. तांब्या घासून पालथाच ठेवला होता, हे तिचं कौतुक.

गणपतीच्या बाबतीत तरी आपण मालक, इथले पाहुणे, असा मराठी माणसाचा समज असतो. तो इथे टिकत नाही. जयपूरचा गणपती स्वतःच्या मर्जीचा आहे. त्याचा वार बुधवार, मंगळवार नव्हे. मंगळवार इथे हनुमानाचा. मोती डुंगरीच्या गणेशाला शहरातल्या लग्नाची पहिली पत्रिका जाते, आणि बुधवारी मंदिरापुढे नव्या गाड्यांची जी रांग लागते त्यावरून देशाच्या अर्थव्यवस्थेचा अंदाज बांधता येईल. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी या गणपतीचा सिंजारा असतो आणि त्याला मेंदी लागते. आणि हे कमी म्हणून की काय, नाहरगडाजवळच्या टेकडीवर गढ गणेश आहे. त्याला सोंडच नाही. सवाई जयसिंगाने स्थापलेला हा बालगणेश. सिटी पॅलेसमधून त्याचं मंदिर दिसावं अशी ती जागा निवडली, असं सांगतात. पुण्याहून आलेले काका शेकडो पायऱ्या चढून, धापा टाकत वर पोचतात, दर्शन घेतात आणि खाली आल्यावर पहिला प्रश्न विचारतात, "मग गणपती कशावरून?" फोटो काढायची परवानगी नसते, त्यामुळे पुण्यात हे कुणाला पटवूनही देता येत नाही.

इथल्या आपल्या मराठी मंडळाचा गणपती त्या मानाने शिस्तीत असतो. सोंड डावीकडे, आरती आपली, उकडीचे मोदक आपले. मोदकांसाठी आंबेमोहोराची पिठी पुण्याहून येते आणि ओला नारळ शोधायला तिघांना तीन दिशांना पाठवावं लागतं, कारण इथे नारळ म्हणजे देवापुढे फोडायचा, आणि फोडल्यावर तो बहुधा खोबरंच निघतो. गणपतीतल्या नाटकाच्या तालमी जून-जुलैपासून, म्हणजे जे बदलीवर आलेत त्यांची पुढची ऑर्डर येण्याच्या ऐन हंगामात. त्यामुळे दर वर्षी पहिल्या अंकातला नायक दुसऱ्या अंकापर्यंत नागपूरला गेलेला असतो. विसर्जनाला समुद्र नाही आणि नदी म्हणजे द्रव्यवती, जिला जुने लोक अजून अमानीशाहचा नाला म्हणतात. म्हणून बहुतेक गणपती घरी बादलीत जातात. मिरवणूक मात्र निघते. बाथरूमपर्यंत, पण लेझीम धरून.

या मंडळात न येणारे मराठी लोकही जयपुरात आहेत, आणि माझ्या मते तेच खरे जुने. जवाहिऱ्यांच्या आणि सराफांच्या गल्लीबोळांत गलाईवाले भेटतात. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी ही माणसं सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची. देशात जिथे सराफ बाजार आहे तिथे दुष्काळी भागातली ही पोरं पोचली. आम्ही बदलीवाले "इथे गोडा मसाला मिळत नाही" म्हणून निबंध लिहितो. त्यांच्या दुकानात पहिल्या मजल्यावर ठेचा वाटला जात असतो आणि खाली मूस तापलेली असते. ते ढुंढाडी अशी बोलतात की गिऱ्हाईकाला शंका येऊ नये, आणि भावाशी फोनवर बोलताना माणदेशी अशी, की मला शंका यावी. यात्रेला सगळे गावी जातात. गावात मोठं घर बांधलेलं असतं, त्यात राहायला कुणी नसतं. त्यांना मराठीपणाचा खुलासा देताना मी कधी पाहिलं नाही. भट्टीसमोर वेळही नसावा.

नोव्हेंबर लागला की पाहुणे सुरू होतात. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटलेली जयपूर सुपरफास्ट दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते आणि तिच्यातून बाकरवडी, मेतकूट, भाजणी, कोकम, दिवाळी अंक आणि त्यांच्या मागून नातेवाईक उतरतात. परत जाताना त्याच बॅगांतून घेवर, प्याज कचोरी, लाखेच्या बांगड्या आणि रजया जातात. रजई हा स्वतंत्र विषय आहे. जयपुरी रजई वजनाला हलकी म्हणून नावाजलेली, आणि बापू बाजारातला दुकानदार ती अंगठीतून काढून दाखवायच्या बेताला आलेला असतो. पाव किलो कापसाची, शंभर ग्रॅम कापसाची. माझ्या सासरच्या मंडळींकडे आता इतक्या रजया आहेत की पुण्यात हिमयुग आलं तरी फक्त त्यांची गल्ली वाचेल. एप्रिलमध्ये आलेल्या एका आत्यांनीही दोन घेतल्या. बाहेर चाळीस अंश होते. "असू दे," त्या म्हणाल्या, "स्वस्त आहे."

पाहुण्यांत एक गाण्याचे कानसेन हमखास असतात. त्यांना जयपूर घराणं बघायचं असतं. आता त्यांना कसं सांगावं की ते त्यांच्याच गावी आहे? अल्लादियाँ खाँसाहेब जयपूरजवळच्या उणियाऱ्याचे खरे, पण ते शाहू महाराजांच्या कोल्हापुरात दरबार गवई झाले, आणि पुढे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, किशोरीताई आमोणकर अशी ती गायकी गोव्यात आणि मुंबईत नांदली. जयपुरात "जयपूर घराना" विचारलं तर लोक कथकच्या वर्गाचा पत्ता देतात. कानसेन तिथे जाऊन, तबल्याचे बोल ऐकून, थोडे हिरमुसून परततात. दादरहून हजारावर किलोमीटर प्रवास करून त्यांना कळतं की कार्यक्रम दादरलाच होता.

दुसरे पाहुणे इतिहासवाले. त्यांना आधी सिटी पॅलेसला न्यावं आणि सांगावं की महाराणी गायत्रीदेवींच्या मातोश्री इंदिराराजे या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या. झालं. त्या क्षणापासून पाहुणे राजघराण्याचे व्याही होतात आणि तिकिटाच्या दरावरून कुरकुर सुरू होते. सोयरिकीत तिकीट कसलं? जंतरमंतरला हा आपलेपणा आणखी वाढवता येतो. सवाई जयसिंगाच्या दरबारात महाराष्ट्रातले पंडित होते. रत्नाकर पुंडरीक त्याचे गुरू, ब्रह्मपुरीत पुंडरीकांची हवेली अजून उभी आहे. जगन्नाथ सम्राट तर अरबी-फारसी शिकले आणि त्यांनी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचं ज्योतिष संस्कृतात आणलं. अठराव्या शतकात इथे आलेला मराठी माणूस अरबीतून भूमिती उचलत होता. एकविसाव्या शतकात आलेली मी भाजीवाल्याला दोडका म्हणजे तोरई हे हातवाऱ्यांनी समजावते.

पण आमेरच्या किल्ल्यात पाऊल टाकलं की सोयरीक संपते. तिथे मिर्झाराजे जयसिंग भेटतात. गाइड त्यांची कीर्ती सांगतो आणि पाहुण्यांच्या कपाळावर शीर उभी राहते. १६६५, पुरंदरचा तह, तेवीस किल्ले! गाइड म्हणतो, हमारे मिर्ज़ा राजा ने शिवाजी महाराज को बड़े मान से आगरा भेजा. पाहुणे म्हणतात, बड़े मान से? गाइड सावध होऊन मिर्झाराजांच्या मुलावर, रामसिंगावर येतो. आग्र्याहून सुटकेत त्याचा हात असल्याचा औरंगजेबाला संशय होता, हे पाहुण्यांनाही माहीत असतं. रामसिंगावर तह होतो आणि सगळे पुढच्या दालनात जातात.

त्रिपोलिया बाजारातून वर डोकावणाऱ्या ईसरलाटेचं नाव मात्र मी पाहुण्यांसमोर घेत नाही. ती मीनार ईश्वरीसिंगाने बांधली, विजयाची म्हणून. त्यानंतर थोड्याच काळात खंडणीच्या वसुलीला मल्हारराव होळकरांची फौज दारात आली तेव्हा, १७५० च्या डिसेंबरात, त्याने आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात शहर बघायला आणि खरेदीला आत शिरलेल्या मराठ्यांवर जयपूरकर उलटले आणि हजारो मारले गेले. हे वाचल्यापासून बापू बाजारात कुणी पाहुणा रजईचा भाव निम्म्यावर आणू लागला की मी त्याला दंडाला धरून बाहेर काढते.

या सगळ्यात आमच्या घरातली एकच व्यक्ती बिनघोर आहे. ती सातवीत शिकते. तिचा जन्म इथला. ती घरात मराठी बोलते, फक्त त्या मराठीचा सांगाडा जयपूरचा असतो. "आई, मी ग्लास पाडून दिला." "बाबा, पंख्याला बंद करा ना." "आजी, तू खूप चांगली वाटून राहिलीस." आजीला हे गोड वाटतं. आजोबांना वाटत नाही. गेल्या डिसेंबरात आबा पुण्याहून आले आणि त्याच आठवड्यात शाळेने प्रोजेक्ट दिलं, आमेरच्या मिर्झाराजे जयसिंगांवर. सचित्र, हिंदीतून.

आबांनी चष्मा लावला. त्यांनी पुरंदरचा वेढा सांगितला, मुरारबाजी सांगितला, दिलेरखान सांगितला. दुपारची झोप सोडली. तहात गेलेले किल्ले त्यांना तोंडपाठ आहेत. पुरंदर, वज्रगड, कोंढाणा, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना… नात लिहीत गेली, किल्ल्यांची चित्रंही काढली. प्रोजेक्टमध्ये मिर्झाराजांना एक पान मिळालं आणि मुरारबाजीला सहा. वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत शेरा होता, "बहुत सुंदर, पर विषय से भटक गई हो."

आबा दोन दिवस अस्वस्थ. शेवटी जेवताना म्हणाले, "तुझ्या बाईंना जाऊन सांग, १६७० पासून महाराजांनी ते किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. एकेक करून घेतले."

नातीने गट्ट्यांच्या भाजीत पोळी बुडवली आणि म्हणाली, "आबा, ते पुढच्या धड्यात आहे. तो धडा मी ऑप्शनला टाकून दिला."